वालस लाव

प्रिय अप्पा,

काल तुमच्या दिवसांची शिवगणाराधना झाली, पंगती उठल्या, आणि तुम्ही शेवटच्या दिवशी काय मागत होतात ते मला कळलं. अजून कुणाला सांगितलेलं नाही. आधी तुम्हाला सांगायला हवं, म्हणून लिहितेय. बोलायचं तर तोंड वर करावं लागतं, लिहिताना खाली बघितलेलं चालतं.

आठवतं का, हैदराबादची पलटण मोडली, बँडवाल्यांना घरी धाडलं आणि तुम्ही चिटगुप्प्याला परत आलात. त्याच साली नवरा वारल्यावर मी मंठाळहून परत आले होते. "बापलेक दोघंबी एकदमच रिकामे झाले," असं गल्लीत म्हणत. तुमच्या सामानात फुंकून वाजवायचा कॉर्नेट होता, आणि गोधडीत गुंडाळलेला, बँडमास्तरने जाताना दिलेला ग्रामोफोन. त्याला तबकडी एकच. "एका तबकडीसाठी एवढा डबा कामून आणलाव?" मी विचारलं. "आधी लाव, मग बोल," तुम्ही म्हणालात.

लावली, तर त्यात गाणारं कुणीच नाही, नुसती वाद्यं. तुम्ही समजावलंत, "साहेब लोकांचं बी संगीत नाटक असतंय, हसवायचं. त्यातली पदं घ्यायची, गाणाऱ्यांना सुट्टी द्यायची, आन् सगळी मिळून नाचायची एक चाल बांधायची." नाटक तुम्ही कधी पाहिलेलं नव्हतं. म्हणून काय अडलं? कथा तुम्हीच रचलीत. बासरी वाजली की पोरगी, जाडा कर्णा घुमला की तिचा सासरा. सासरा पोरीला न्यायला येतो आणि बाप दारात उभा राहतो, हलतच नाही. "ऐक, आता बाप बोलायलाय," म्हणायचात. मंठाळचे लोक मला राबायला परत न्यायला आले होते, तेव्हा तुम्ही असेच दारात उभे राहिला होतात. हे नाटकातलं की आपलं, मी कधी विचारलं नाही.

गरगर फिरणाऱ्या तबकडीकडे टक लावून बसायची माझी सवय, म्हणून मी त्या चालीचं नाव ठेवलं फिरकी. मग तुम्हीही घरात फिरकीच म्हणायला लागलात. गावात लग्नाचा बँड उभा केलात तेव्हा हळ्ळीखेडच्या एका वरातीत हौसेने ती वाजवलीत. वरातीची पावलं दोनाची, आणि चाल तीनाची, एक ठोका जड, दोन हलके. माणसं एकमेकांच्या पायावर पाय द्यायला लागली, नवरदेवाचा घोडा जागच्या जागी गोल फिरू लागला. नवऱ्याचा मामा ओरडला, "मास्तर, वरात न्यायलाव का मळणी करायलाव?" त्यानंतर फिरकी घरातच राहिली. दिवेलागणीला चावी मी द्यायची, तबकडी मी लावायची. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाहीत.

यंदा तुमच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली आणि र चा ल झाला. भाकरीला भाकली, शिवराजला शिवलाज. मन तर थेट हैदराबादच्या बराकीत जाऊन बसलं. मला कधी नागू म्हणायचात, कधी हवालदाल.

शेवटच्या दिवशी सकाळपासून एकच धोशा. "वालस. वालस लाव." आणि डाव्या हाताचं बोट कोपऱ्याकडे.

कोपऱ्यात तुमचा पुतण्या शिवराज उभा होता, ग्रामोफोनच्या डब्याला टेकून. त्याच्या वडिलांनी, चन्नप्पाकाकांनी, ल चा र केला. आम्ही सगळेच तसं करत होतो. "वारस लाव म्हणायलाय अण्णा," ते म्हणाले. "पोरगा न्हाई ना त्याला. आमच्या शिवराजकडं बोट दावायलाय, दिसना का?" जंगमस्वामी आले. शिवराजला तुमच्या मांडीशी बसवलं, तुमचा हात उचलून त्याच्या डोक्यावर ठेवला, साखर वाटली. झालं दत्तक. तुम्ही मान हलवत होतात. काका म्हणाले, "आनंद झालाय त्याला."

मला काय झालं सांगू? मला राग आला. माझ्यासाठी दारात उभा राहिलेला बाप जाताना पोरगाच मागतो, मग मी कोण? नुसती भाकरी थापणारी? साखर वाटून झाली तरी तुम्ही थांबला नाहीत. माझ्याकडे बघून म्हणालात, "नागू, लाव की." मी म्हणाले, "लावला की आता. अजून किती बार लावायचा?" आणि चुलीपुढे जाऊन बसले. तुम्ही हाका मारत राहिलात. मी जागची हलले नाही. दुपार टळली तशा हाका थांबल्या. मला वाटलं, डोळा लागला तुमचा.

वारस लावणं माझ्या हातचं काम होतं का अप्पा? ते काकांचं, पटवाऱ्याचं. मला तर तुम्ही रोज एकच गोष्ट लावायला सांगत होतात. एवढं साधं माझ्या डोक्यात का आलं नाही?

काल तुमच्या बँडची माणसं आली. लग्नसराईत औरादकडे गेलेली, म्हणून मातीला पोचली नव्हती. पलटणीपासून तुमच्या शेजारी क्लॅरिनेट वाजवणारे इमामसाब अंगणात म्हणाले, "चलो भाई, उस्ताद का वालस उठाओ." आणि सुरू झाली फिरकी. माझ्या हातात वरणाची बादली होती, ती तिथेच ठेवून बाहेर गेले. "चाचा, हिला काय म्हणालाव?" "वालस," ते म्हणाले. "विलायती नाच का नाम है बेटी. बँड में सब यहीच बोलते."

म्हणजे तुमची जीभ चुकली नव्हती. बोटही डब्याकडेच होतं. त्या एका शब्दातला ल खरोखरच ल होता, आणि आम्ही तो दुरुस्त केला.

शब्द चुकीचा ऐकू येणं कुणाच्याही बाबतीत होतं. मला लाज वाटते ती मी तो लगेच खरा मानल्याची. काकांना तुम्ही कळला नव्हतात, ठीक आहे. मला तर कळला होतात ना? इतकी वर्षं एका घरात राहून मी तुम्हाला एवढंच ओळखलं होतं?

शिवराजचा यात दोष नाही. त्याने तुम्हाला आपल्या रीतीप्रमाणे मातीत नीट बसवलं, मनापासून रडला. त्याला मी दत्तकावरून उठवायची नाही, शेतही त्याचंच राहू दे. पण काका येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "शेवटपर्यंत वारस वारस करत गेला अण्णा." मग लोक माझ्याकडे कीव केल्यासारखे बघतात, आणि मी मान खाली घालून ती कीव घेते. आपली चूक झाकून वर दया घ्यायची, ह्याला काय म्हणावं?

उद्या लांबचे पाहुणे यायचेत. काका पुन्हा तेच सुरू करतील. अप्पा, वचन देते, मी बाहेर येईन आणि सगळ्यांसमोर सांगेन की तुम्ही वारस मागितला नव्हता. लोक विचारतील, मग काय मागितलं? तेही सांगेन. गाणं मागितलं होतं. आणि ज्या एकीला ते लावता येत होतं, ती रुसून बसली होती.

तुमची,
नागू