मुलगा सीमेवर, केस स्थगित

२ मार्च, सकाळी ७
आजपासून घराची कायदेशीर बाजू मी हातात घेतली आहे. काल सूनबाईंनी चहाचा कप ठेवता ठेवता सांगितलं, बाबा, मी घटस्फोटाचा अर्ज टाकलाय. आणि लगेच, आज भाजीत मीठ जरा जास्त पडलंय, सांभाळून घ्या. मी म्हटलं, घेतो. ते मिठाबद्दल होतं. नोंद असावी.
मुलगा सैन्यात. लग्नाला नऊ वर्षं, त्यातली एकत्र जेमतेम दोन. इथे छावणीच्या क्वार्टरमध्ये मी, सूनबाई आणि सात वर्षांची नात. घटस्फोट झाला की क्वार्टर जाणार. नात आईबरोबर, मुलगा बंकरमध्ये. मी कुठे, हे कोणी बोलत नाही.
मी घाबरलेलो नाही. धडधडतं ते पित्तामुळे.
शिक्षण पाचवीपर्यंत. पण थिएटरच्या दारावर तीस वर्षं तिकिटं फाडली. कोर्टाचे सीन दिवसाला चार खेळ पाहिलेत. एवढा अनुभव वकिलांनाही नसतो.

५ मार्च
मुलाला फोन लावला. म्हणाला, बाबा, आमचं दोघांचं ठरलंय, भांडण नाही, काही नाही, तुम्ही मध्ये पडू नका. बिचारा. कोणीतरी शेजारी उभं असणार, म्हणून असं बोलला.

९ मार्च, दुपारी
कोर्टाचा बेलीफ नोटीस घेऊन आला. मी दार अर्धंच उघडलं. म्हटलं, साहेब सीमेवर आहेत, घरात कोणी नाही. मागून सूनबाई म्हणाल्या, द्या इकडे, मीच पाठवली आहे. बेलीफ म्हणाला, बाई, स्वतःची नोटीस स्वतःला कशी देऊ? मग माझ्याकडे वळला, आजोबा, तुम्ही सही करा. मी डोकं चालवलं. म्हटलं, मला लिहिता-वाचता येत नाही. तो म्हणाला, मग तसं लिहून द्या.
दिलं लिहून. सुवाच्य अक्षरात, पूर्णविरामासकट: मला लिहिता-वाचता येत नाही.
बेलीफ कागदाकडे बराच वेळ बघत राहिला. अक्षर आवडलं असावं.

१३ मार्च
कोर्टाच्या फाटकाबाहेर झाडाखाली टायपिस्ट बसतो. त्याला दोन चहा पाजून कायदा काढून घेतला. नोटीस आता पलटणीच्या पत्त्यावर जाईल. पण जवान सीमेवर असला आणि त्याच्या साहेबांनी तसा दाखला दिला, तर कोर्ट केस थांबवून ठेवतं. त्याच्या पाठीमागे निकाल लावत नाही. तो परत आला की पुढे.
मी तिथेच टायपिस्टचा हात हातात घेतला. म्हणजे पोरगा जोवर तिकडे, तोवर संसार शाबूत! त्याने हात सोडवून घेतला. त्याला टाइप करायचं होतं.

२८ मार्च
दाखला आला. केस स्थगित!! मी काहीच न करता जिंकलो. पण पाया माझाच.
सूनबाई चिडल्या नाहीत. संध्याकाळी दातांच्या दवाखान्यातून आल्या (तिथे त्या पेशंटच्या नोंदी ठेवतात), माझी ब्लडप्रेशरची गोळी पुढे केली आणि म्हणाल्या, बाबा, सकाळची विसरलात. अशी सून कोण सोडेल? मुलगा सोडतोय. गाढव आहे. माझ्यावर गेला नाही.

३ एप्रिल
संकट. मुलाने मे महिन्यात सुट्टी मागितली आहे, खास कोर्टाच्या तारखेसाठी. नातीने सांगितलं. नाचत सांगितलं.
तो आला की स्थगिती उठणार. दिवसभर जीव थाऱ्यावर नाही. दूध उतू गेलं. पुढच्या वेळी लक्ष ठेवीन.

४ एप्रिल, सकाळी
उपाय सुचला. थेट मोठ्या साहेबांना पत्र. मसुदा:
माननीय साहेब, आपल्या हाताखालचा जवान माझा एकुलता एक मुलगा आहे. तरी कृपया त्याला सुट्टी देऊ नये. होता होईल तो सीमेवरच ठेवावे. याहून पुढची एखादी चौकी असल्यास तिथे विचार व्हावा. घरी त्याची काही गरज नाही. आपला नम्र, वडील.
वाचून डोळे भरून आले. यापेक्षा बाप काय करू शकतो?

६ एप्रिल
पत्र रजिस्टर्ड पोस्टाने टाकलं. खिडकीवरच्या बाईने पत्ता वाचला आणि विचारलं, काका, मुलाची फार आठवण येते का? मी म्हटलं, हो.
आता निवांत. उद्यापासून सकाळी चालायला जाणार.

१० एप्रिल
गुडघा दुखतो. चालणं सोमवारपासून.

२१ एप्रिल, सकाळी ११
मुलगा दारात!
बॅग खाली ठेवायच्या आधी म्हणाला, बाबा, तुम्ही काय लिहिलंत साहेबांना? साहेबांनी त्याला उभं करून पत्र वाचून दाखवलं म्हणे. वर म्हणाले, इतक्या वर्षांच्या नोकरीत मुलाला सोडा म्हणणारे बाप शेकड्याने पाहिले, पुढे ढकला म्हणणारा पहिलाच. तुझ्या घरी काहीतरी फार बिघडलंय. आजच्या आज निघ. तीस दिवस. सगळं निस्तरून ये.
मे महिन्यातली सुट्टी मिळणार नव्हतीच, असंही कळलं. नामंजूर होऊन पडली होती.
मी म्हटलं, हात-पाय धुऊन घे.
सूनबाई स्वयंपाकघरात हसत होत्या. मुलगाही आत जाऊन हसायला लागला. दोघं एकत्र इतकं हसलेली मी आजवर पाहिली नव्हती. पुन्हा आशा वाटते.

४ मे
तारीख. जज बाईंनी दोघांना विचारलं, दोघं हो म्हणाले. दोन मिनिटं. मी हरकत घ्यायला उठलो. जज बाई म्हणाल्या, आजोबा, बाथरूम डाव्या हाताला. गेलो.

७ मे
स्वयंपाकघरात माझ्यावरून बोलणं चाललंय. तो म्हणतो, मी त्यांना बंकरमध्ये ठेवू का? ती म्हणते, वडील तुझे आहेत. तो म्हणतो, त्यांना सवय तुझी आहे.
चढाओढ दिसते. मी कोणाची बाजू घेणार नाही.

९ मे
करारनामा झाला. क्वार्टर महिन्याअखेर सोडायचं. नात आईकडे राहणार, दवाखान्यावरच्या दोन खोल्यांत. मुलगा सुट्टीवर आला की त्याच्याकडे. जज बाईंनी नातीला विचारलं होतं, नव्या घरी काय काय न्यायचंय? तिने सांगितलं तसं टायपिस्टने टाइप केलं:
१. सायकल. २. अभ्यासाचं टेबल. ३. माशांची काचपेटी. ४. आजोबा.
चौथ्याच्या खाली सूनबाईंनी अट घालून घेतली: आजोबा कोणत्याही ऑफिसला पत्र लिहिणार नाहीत.
चौथा नंबर! माशांच्या खाली. दुरुस्तीचा अर्ज मनात तयार होता. पण अट.
सही करायला गेलो. खिशातून पेन काढलं. कारकुनाने फाइल चाळली, माझ्याकडे पाहिलं आणि शाईचा पॅड पुढे सरकवला. नोंदीप्रमाणे मला लिहिता-वाचता येत नाही. माझ्याच अक्षरात आहे.
अंगठा दिला. सूनबाईंनी (आता काय म्हणायचं ते विचारायचं राहिलं) रुमालाने पुसून दिला.
ठसा छान उठला, असं कारकून म्हणाला.