काळी चारऐवजी काळी तीन

उमरगा, मंगळवार

आज संगीत नाटकातल्या निरोपाच्या पदाचं रेकॉर्डिंग झालं. घशाच्या ऑपरेशननंतर सुमन पहिल्यांदाच गायली. पेटीवर मी होतो. तिला न विचारता पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, काळी चारवरून खाली काळी तीनवर आणली, लयही जरा सैल सोडली. गाण्याच्या नादात तिच्या ते लक्षात आलं नाही. नवऱ्याला काळजी वाटणारच की.

संध्याकाळी तिनं मोबाइलवर ते ऐकलं आणि मध्येच बंद केलं.

"काळी तीन हाय ना ही?"

"व्हय. वरचा सा लागला नसता तर..."

"तर फाटला असता आवाज. नवरा सोडून चाललेल्या बाईचं पद हाय ते. तुम्ही अंगाई केली त्याची."

खरंच, पदातली तडफड गेलीय. पण सगळ्यांसमोर आवाज फाटला असता तर? मी तिला जपलं की स्वतःला? काळी तीन. एवढं विचारायला काय झालं होतं मला?

मग तिनंच पेटी पुढं सरकवली. "द्या काळी चार."

दिली. ती जीव तोडून गायली. वरच्या 'सा'ला नुसती हवा आली. 

"न्हाय लागत," ती म्हणाली. "पण हे आधी मला कळायला पाहिजे होतं, तुम्हाला न्हाय."