लग्नासाठी केलेलं सरबत

१४ एप्रिल १९८७
भिरंडांचं कोकमसरबत बाटल्यांत भरून झालं. आज अननस. बारीक चिरून साखरेत झाकून ठेवले, परवा गाळायचे आणि मग आंबटपणाला विनागर. हे फक्त उमेशसाठी. साखरपुड्याला त्यांनीच हळूच सांगितलेलं, पाळी गावी त्यांची आजी असं आंबट करायची, आता घरात कोणाला येत नाही. आई नाक मुरडते. सुराचं, म्हणजे माडीचं विनागर स्वयंपाकघरात नको म्हणे. म्हणून बरणी मागच्या पडवीत. लग्नात पहिला पेला उ.ना मीच देणार.

१७ एप्रिल
माडी काढणाऱ्या रेंदेराच्या बायकोकडून विनागर आणलं. बाटल्या पुरेनात. शेजारच्या काकूंकडे मागच्या वर्षी गेलेली बाटली आई स्वतः जाऊन घेऊन आली. सरबत कोणीही न्यावं, बाटली परत आलीच पाहिजे, हा आमच्या घरचा कायदा.

२२ एप्रिल
मोडलं. लग्नपत्रिकेवरून. बाबा मराठी शाळेचे मास्तर, पत्रिका मराठीतच हवी. उ.चे काका म्हणे कोकणीत. दोघंही हट्टाला पेटले. आणि भांडले ते एकाच बोलीत! रस्त्यावरून जाणाऱ्याला सख्खे भाऊ वाटले असते. शेवटी काका उठले, माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "तुमची चली तुमच्याच घरांत उरूं दी."
उ. चपला शोधत राहिले. एक शब्द बोलले नाहीत. मराठीत नाही, कोकणीतही नाही.

२४ एप्रिल
लिहवत नाही.

३ मे
लोक समजूत घालायला येतात. ऊन इतकं, की आई आधी सरबत पुढे करते. लग्नाचंच. सगळे च्च् च्च् करतात, पेला रिकामा करतात, मग म्हणतात, छान झालंय हो, थोडं आणखी असलं तर. मावशीने तर कृती विचारून घेतली. आत जाऊन रडले. मग येऊन पेले विसळले.

१० मे
आज लग्न असतं.
भिरंडाचं संपलं. विनागराच्या बाटल्यांना कोणी हात लावत नाही. मी चाखलं. इतकं चांगलं मला कधी जमलं नव्हतं. त्याचाच राग येतो.

३१ मे
काल गोवा घटक राज्य झालं. बाबांनी बातम्या अर्ध्यात बंद केल्या. मला बघितलं की पेपर उघडून बसतात. शिळा असला तरी.

६ जून
उ. आले. बाबा म्हापशाला गेलेले. आई या म्हणाली नाही, जाही म्हणाली नाही. काकांनी अंगठी परत आणायला पाठवलं होतं. मी आणून दिली. त्यांनी न बघताच खिशात घातली. निघेनात. मग खाली मान घालून,
"विनागराचें कांय रवलां?"
पेला दिला. संपवला. डोळ्यांत पाणी. म्हणाले, विनागर जास्त झालं. जास्त नव्हतं.
एक बाटली कागदात गुंडाळून हातात दिली. म्हटलं, "रिकामी झाली की परत हाडून दियात."
त्यांनी माझ्याकडे बघितलं. आईनेही. बाटली शर्टाच्या आत घालून स्कूटरवर बसले. हो म्हणाले नाहीत.

२१ जून
स्कूटर वाजली की मी पडवीत जाते. दरवेळी दुसराच कोणी असतो. मूर्ख आहे मी.
आज आईने बाटल्या पुसून फळीवर लावल्या. एक कमी. कोणाकडे गेली, बाबांनी विचारलं.
"येतली," आई म्हणाली आणि फळीवर तेवढी जागा ठेवली.