ऋतुजाचं लोकेशन

१८ नोव्हेंबर

शिरूर कासार. माझ्या शाळेतून प्रशिक्षक म्हणून आलेय. विज्ञानाच्या एकवीस शिक्षकांना मोबाइलवर नकाशे करायला शिकवतेय, वर्गात वापरता यावेत म्हणून. आजचा सराव — आपल्या विद्यार्थ्यांची घरं नकाशावर दाखवा. अजिनाथ सर नुसते बसून. म्हणाले, "मॅडम, निम्मी पोरं ऊसतोडीला गेलीत. घर कुठलं दाखवू?"

मी म्हटलं, पालकांकडून लोकेशन मागवा. असतील तिथं ठिपका द्या.

१९ नोव्हेंबर

सरांचा नकाशा पार सांगलीपर्यंत गेला. अकरा ठिपके! टाळ्या झाल्या.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी बाजूला बोलावलं. बारावं लोकेशन आलं होतं. आठवीतली ऋतुजा, बापाच्या फोनवरून. खाली एक ओळ — "सर मला घेऊन जा."

दिवाळीत लग्न लावलं तिचं. नवरा-बायकोची जोडी असली की एक कोयता धरतात, मुकादम कामावर घेतो. पोर चौदाची.

"मी उद्या निघतो. तुमी येता का? संगं बाईमाणूस असलेलं बरं."

शुक्रवारपर्यंत प्रशिक्षण आहे, म्हटलं.

"बरं," म्हणाले.

२० नोव्हेंबर

हजेरीत त्यांच्या नावापुढं "रजा" लिहिलं.

२२ नोव्हेंबर

सरांनी ऋतुजाला आणून थेट पोलीस ठाण्यात नेलं. मागोमाग बाप आला. तक्रार दिली — मास्तरनं पोरगी पळवली. एकटा पुरुष, चौदाची पोर, दहा तासांचा प्रवास. लोक काय काय बोलतायत, ते लिहवत नाही.

ऋतुजा बालगृहात.

२५ नोव्हेंबर

सर निलंबित. शिक्षणाधिकारी साहेबांनी मलाही बोलावलं. "लोकेशन मागवायला तुम्ही सांगितलं होतं? विचार करून बोला."

सोळा वर्षांची नोकरी. मी लिहून दिलं — असं काही शिकवलं नव्हतं.

बाहेर बाकावर सर बसले होते. "चहा घेतला का, मॅडम?" म्हणाले. मला मान वर करता आली नाही.

२६ नोव्हेंबर

माझ्या शाळेत गेले नाही.

३ डिसेंबर

बालकल्याण समितीपुढं साक्षीला गेले होते. आधी ऋतुजाला विचारलं, सरांनी तुला बोलावलं का? बाप समोरच उभा. ती म्हणाली, "न्हाई. मीच म्हनले, घेऊन जा."

मग माझं नाव पुकारलं. मी सांगितलं — माझा पहिला जबाब खोटा आहे.