वनातला ओटीपी

प्रिय गुरूचे बाबा,

आधी एक गंभीर तक्रार. मंगळवारी गॅसचा सिलिंडर दारात आला आणि दारातूनच परत गेला. गॅसवाल्यानं ओटीपी मागितला. तो तुमच्या मोबाइलवर, आणि तुम्ही वानप्रस्थात. मी म्हटलं, साहेब संसार सोडून वनात गेलेत. तर म्हणाला, "मग नंबर तरी सोडून जायचा की वो, काकू!" तुमच्या वैराग्यावर अख्ख्या पेठेत इतकं नेमकं कुणी बोललं नव्हतं.

तुमचं म्हणणं, शास्त्र अक्षरशः पाळायचं. केस पांढरे झाले, नातवाचं तोंड दिसलं, की वनात निघावं. केस कधीचेच पांढरे होते, तुम्ही कलप थांबवलात एवढंच. नातवाचं तोंड व्हिडिओ कॉलवर पाहिलंत. बायकोला मुलाच्या हवाली करावं, असंही लिहिलंय म्हणालात आणि पुण्याला गुरूला फोन लावलात. तो म्हणाला, "बाबा, मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलतो." झालं, तेवढ्यावर माझा ताबा दिला गेला. कुरियरवाला निदान सही तरी घेतो.

आणि वन कुठलं, तर मोडनिंबजवळची आपलीच डाळिंबाची बाग. ठिबक आहे, शेजारी हायवे आहे, रात्रभर ट्रकचे हॉर्न आहेत. जगायचं होतं कंदमुळांवर, जगताय राखणदार संगप्पाच्या बायकोच्या भाकरीवर. ती दाक्षायणी खुरपणीला जायच्या आधी तुमच्या भाकरी थापते आणि तुम्ही तिला मोहमायेवर ऐकवता म्हणे. सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, आपल्यात काम हीच शिवाची पूजा, हातातलं काम टाकून पळतो तो कसला शिवभक्त! आणि एवढ्यावर थांबल्या नसत्या, कान धरायला बागेत आल्या असत्या.

काल संगप्पा आला. "वैनी, सायेब लई वाळल्यात. डास झोपू देत न्हाईत. सोमवारी घरी येतो म्हनलेत. पाणी तापवून ठेवा म्हनलेत."

म्हणून हे पत्र. तुमचा ग्रंथ कपाटावरच राहिला होता, तो मी वाचला. वनातून पुढं संन्यासाकडं वाट जाते. मागं, घराकडं येणारी वाट मला तरी कुठं सापडली नाही. आणि बायकोला मुलाकडं सोपवावं असं जिथं लिहिलंय, तिथंच पुढं आहे, किंवा तिला सोबत न्यावं. तेवढं तुम्ही मोठ्यानं वाचलं नाहीत. मी आले असते हो. डासांसकट.

तर आता अक्षरशःच पाळू या. सोमवारी येऊ नका. गॅसला मी माझा नंबर लावलाय.

दाक्षायणीनं काल संगप्पाबरोबर माझ्यासाठी डब्यातून उकडलेल्या शेंगा पाठवल्या होत्या. तिचा डबा रिकामा कसा पाठवू? त्यात शेंगाचटणी भरलीय, आणि पिशवीत माझी घडी न मोडलेली इरकल ठेवलीय. तुम्हाला इतके दिवस जेवू घातलं, ते देणं माझ्याकडं होतं. चटणी तिची आहे, हात लावू नका. तुम्हाला कंदमुळं आहेत.

तुमचीच,
(तूर्त मुलाच्या हवाली असलेली)
शिवलीला