बायडाबाईच्या गाडीचा नायनाट

रविवार, ५ जानेवारी २००३

आज माझा अपमान झाला. सविस्तर लिहून ठेवतो, म्हणजे सूड घेताना एकही मुद्दा सुटायला नको.

खासबाग मैदानामागच्या बोळात बायडाबाई नावाच्या बाईची मिसळीची गाडी आहे. ऑफिसातला जोतीराम तिचं कौतुक करून माझं डोकं खात होता, म्हणून आज त्याच्याबरोबर गेलो. फार गर्दी नव्हती. प्लेट हातात आली. वरचा कट, म्हणजे लाल रस्सा, नुसता बघूनच मला त्यातल्या चुका कळल्या. मी बाईला शांतपणे सांगायला लागलो की खोबरं किती भाजावं, मसाला कधी टाकावा, आणि एकूणच रश्श्याचं शास्त्र काय असतं. मुद्देसूद बोलायला वेळ लागतो. माझा तिसरा मुद्दा चालू असताना त्या बाईनं माझ्या हातातली प्लेट काढून घेतली आणि मागच्या माणसाला दिली. वर म्हणाली, "तुमास्नी खायाचं न्हाय, भाषान द्याचं हाय. व्हा बाजूला, माणसं खोळंबल्यात."

लोक हसले. जोतीराम तर कट नाकात जाईपर्यंत हसला. (त्याला ठसका लागला. तेवढाच आनंद.)

निश्चय: बायडाबाईची गाडी कोल्हापूरच्या नकाशावरून पुसून टाकणे. मुदत: मार्च एंड.

मी रागाच्या भरात काही ठरवत नाही. घरी येऊन आधी चहा घेतला, मग ठरवलं.

सोमवार, ६ जानेवारी

जोतीरामनं ऑफिसात सगळ्यांना ॲक्शनसकट प्रसंग करून दाखवला. बायडाबाई तो स्वतःच झाला. माझ्या भूमिकेत शिपायाला उभं केलं. शिपाई माझ्यासारखा अजिबात दिसत नाही.

संध्याकाळी गणपतरावांकडे गेलो. हे एक साप्ताहिक काढतात. पान तीन नेहमी मोकळं राहतं, तिथं ते पंचांग छापतात. मी लेखमाला सुचवली: 'कोल्हापुरात कुठं काय खावं'. शहरातल्या सगळ्या गाड्या, सगळे स्टॉल. त्यांनी विचारलं, अनुभव काय? म्हटलं, जन्मल्यापासून खातोय. त्यांना पटलं. टोपणनाव: रसनाधीश.

आता डाव असा. सगळ्या शहराचं नाव येणार, फक्त तिचं येणार नाही. लोक लेख कापून खिशात ठेवणार, त्याप्रमाणे खात फिरणार. तिच्या बोळात कुत्रं फिरकणार नाही. चूपचाप मारायचं. हातात पुरावा नको.

दीक्षाला सांगितलं. बायको म्हणून तिनं आधार द्यायला पाहिजे होता. ती म्हणाली, "प्लेट गेली तर दुसरी घ्यायची की हो." तिला तत्त्व म्हणजे काय ते कळत नाही.

रविवार, १२ जानेवारी

फील्डवर्क. बावड्यातल्या घरातून सकाळीच बाहेर पडलो. प्रत्येक ठिकाणी एकच घास घ्यायचा असं ठरवलं होतं.

गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध. एका घोटात न्याय होत नाही, ग्लास संपवला. मग एका चौकात बटाटेवडा. वड्याचा एक घास खाऊन उरलेला टाकणं म्हणजे अन्नाचा अपमान. मग लोणी डोसा. मग पोहे. दुपारी पांढरा रस्सा, तांबडा रस्सा. हे स्ट्रीट फूड नाही, पण तुलनेसाठी लागतं. संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ. भेळवाल्याला सांगितलं की मी लिहिणार आहे. तो म्हणाला, "लिवा की. कांदा घालू का न्हाय त्येवडं सांगा."

सोमवार, १३ जानेवारी

रजा.

मंगळवार, १४ जानेवारी

रजा. डॉक्टर म्हणाले, तिखट बंद, तळलेलं बंद, मऊ भात खा. मी त्यांना म्हटलं, मी सूड घेतोय. ते म्हणाले, सूड घ्या, पण जेवणानंतर घ्या, आणि त्यावर ही गोळी घ्या. दीक्षा जवळच होती. फार हसली.

शनिवार, १८ जानेवारी

पहिला लेख छापून आला! 'रसनाधीश' मोठ्या अक्षरात. खाली पंचांग आहेच, पण लहान.

स्टँडवर एक माणूस तोच अंक हातात धरून बसला होता. मी शेजारी जाऊन बसलो. चेहरा थोडा तिरका, ओळखू यावा असा. त्यानं कुस्त्यांची बातमी वाचली, मग अंक बाकावर अंथरला आणि त्याच्यावर बसला. म्हणजे टाकला नाही. जवळ ठेवला.

शनिवार, १ फेब्रुवारी

तिसरा लेख. वडे, भजी, भेळ, उसाचा रस, सगळं झालं. बायडाबाईचा शब्द नाही. तिला झोप लागत नसणार.

दुपारी गणपतरावांकडे बसलो होतो. शिरोळहून एक शेतकरी आला, पिराजी नावाचा. ऊस घालायला कारखान्यावर आला होता, मुद्दाम वाट वाकडी करून ऑफिसात चढला. म्हणाला, लेख झ्याक हाईत, पण एक इचारायचं हाय, बायडाबाईचं नाव कसं काय ऱ्हायलं? गणपतराव माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, जागेअभावी. तो पंचांगाकडे बोट दाखवून म्हणाला, "ह्ये काढा की मग!"

चूपचाप मारण्यात हाच तोटा आहे. लोकांना मारलेलं कळतच नाही. आता उघड हल्ला. पुढचा लेख: 'कुठं खाऊ नये'.

गणपतरावांनी विचारलं, तिची मिसळ नीट खाल्ली आहे ना? म्हटलं, न्यायाधीश चोराकडून परत चोरी करवून बघत नाही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

लेख लिहून झाला. स्वतः वाचून मलाच भीती वाटली. काही वाक्यं इथं उतरून ठेवतो:

'खासबागेमागची ही बाई जो कट देते तो रस्सा नसून जाळ आहे. पहिल्या घासाला कान लाल होतात, दुसऱ्याला डोळ्यांतून धारा, तिसऱ्याला बापाचं नाव आठवत नाही. बसायला जागा नाही. बोलायची सोय नाही. गिऱ्हाईक चुकलं की बाई सरळ शिव्या घालते आणि हातातली प्लेट काढून घेते. ज्याच्यात हिंमत असेल त्यानंच तिकडं जावं.'

दीक्षाला वाचून दाखवलं. तिनं आवंढा गिळला. घाबरली असणार.

रविवार, ९ फेब्रुवारी

काल लेख आला. आज परिणाम बघायला गेलो. समोरच्या पानपट्टीआड उभा राहिलो, छत्री उघडून. (ऊन होतं.)

बोळ माणसांनी भरलेला! टोकापासून टोकापर्यंत! मोटारसायकली आडव्यातिडव्या. आवाज, ढकलाढकली. मोर्चाच म्हणायचा. माझ्या अंगावर काटा आला. एका लेखानं जनता रस्त्यावर उतरवली. क्षणभर बाईची दयासुद्धा आली. पानपट्टीवाल्याला म्हटलं, पोलीस बोलवावेत का, जिवाला धोका नको. तो म्हणाला, "कुनाच्या? कट संपला तर व्हईल धोका."

मग नीट बघितलं. सगळ्यांच्या हातात प्लेटी. सगळ्यांच्या डोळ्यांतून धारा. सगळे खूश. इचलकरंजीहून टेम्पो करून आलेली मंडळी होती. कॉलेजची पोरं बाईपुढं उभी राहून म्हणत होती, "मावशी, एक शिवी द्या की!" आणि ती देत होती. पोरं टाळ्या वाजवत होती.

कोल्हापूरकरांना वाचता येतं, पण समजत नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी

जोतीरामनं माझ्या टेबलावर पेढे ठेवले. म्हणाला, रसनाधीश कोण ते शोधून काढा राव, त्याचा सत्कार करू. त्याला माहीत आहे. त्याला सगळं माहीत आहे. याचाही नंबर लावणार आहे, पण आधी बाई.

रविवार, २ मार्च

नवीन डाव. तिच्या बरोब्बर समोर दुसरी गाडी. माझा मेहुणा धम्मपाल रिकामाच आहे, पाटी माझी: 'सौजन्य मिसळ सेंटर'. खुर्च्या, टेबलं, पेपर नॅपकिन. कट माझ्या शास्त्राप्रमाणे, पोटाला न बाधणारा. प्रत्येक गिऱ्हाइकाला 'या, बसा, पाणी घ्या'. माणसाला मान पाहिजे असतो. मान इथं, कट तिथं. बघू कोण जिंकतं.

आज उद्घाटन. पहिल्या गिऱ्हाइकाला धम्मपालनं वाकून नमस्कार केला. त्यानं एक घास खाल्ला आणि विचारलं, घरात कुणी आजारी हाय काय?

रविवार, ९ मार्च

सौजन्यच्या सगळ्या खुर्च्या भरलेल्या! लांबून बघितलं आणि उडालोच. धावत गेलो. लोक प्लेटी समोरून आणत होते आणि आमच्या खुर्च्यांवर बसून खात होते. आमचे नॅपकिन. आमचं पाणी. धम्मपाल सगळ्यांना 'या, बसा' म्हणत होता. मी बाजूला घेऊन झापलं, तर म्हणाला, "दाजी, तुम्हीच सांगितलंय की, कुणाला उठवायचं नाही."

त्याच्या मिशीला लाल तेल लागलं होतं.

गुरुवार, २० मार्च

अतिक्रमणवाल्यांकडे तक्रार दिली. रस्त्यात विनापरवाना गाडी उभी आहे, वाहतुकीला अडथळा. नाव घातलं नाही. मी समोर येत नसतो.

शनिवार, २२ मार्च

अतिक्रमणवाले आले. बायडाबाईकडे परवाना आहे, पार तिच्या सासूच्या काळापासून. धम्मपालकडे नव्हता. सौजन्य उचलून नेलं.

दीक्षा दिवसभर बोलली नाही. भाऊ तिचा आहे. संध्याकाळी एवढंच म्हणाली, धम्मपालला काम लागलंय, बायडाबाईनं ठेवून घेतला. माणूस बोलायला गोड हाय, रांग सांभाळंल, म्हणाली म्हणे.

मुदत वाढवली. मार्च एंडला ऑफिसात फार काम असतं.

शुक्रवार, १८ एप्रिल

सुवर्णसंधी! गणपतरावांच्या साप्ताहिकाचा वर्धापनदिन आहे. वाचकांनी कौल दिला म्हणे: 'कोल्हापूरची लाडकी गाडी', बायडाबाई. आणि शाल-श्रीफळ द्यायचं लेखमालेच्या लेखकानं. म्हणजे मी. मी लगेच हो म्हटलं. गणपतरावांना वाटलं मी मोठ्या मनाचा आहे.

स्टेज. माईक. दोनतीनशे माणसं. बाई समोर, आणि हलायला जागा नाही. पाच जानेवारीला काय घडलं ते मी सगळ्यांसमोर सांगणार. मग रश्श्याचं शास्त्र. राहिलेले सगळे मुद्दे. ती माफी मागेल. मी देणार नाही.

भाषण पाठ करतोय. आरशासमोर फार परिणामकारक होतं.

सोमवार, २८ एप्रिल

कार्यक्रम काल झाला. काल लिहिलं नाही.

हॉल भरला होता. पहिल्या रांगेत दीक्षा, धम्मपाल, जोतीराम. बायडाबाई स्टेजवर आली, नवी इरकली नेसून. लहान दिसत होती. गाडीमागं एवढी लहान दिसत नाही. मी शाल घातली, नारळ दिला आणि माईककडे वळलो, तेवढ्यात गणपतराव म्हणाले, आधी बाईंना दोन शब्द बोलू द्या, त्यांना गाडीवर परत जायचंय.

ती बोलली. मी अगदी शेजारी उभा होतो, त्यामुळं सगळं ऐकू आलं.

म्हणाली, "मला काय बोलाय येत न्हाय. चायनीजच्या गाड्या आल्या आनि पोरं तिकडं गेली. दिस दिस पातेलं तसंच ऱ्हायाचं. मालक गेल्यापास्नं एकलीच हाय. रागराग व्हायाचा, कुनावर बी वरडायची. जानेवारीत म्या ठरिवलंतं, गाडी इकायची आनि कुरुंदवाडला लेकीकडं जायाचं. गिऱ्हाईक बी बघितलंतं. तवर ह्या सायबांनी पेपरात लिवलं. दुसऱ्या दिशी माणूस मावंना बोळात. मग गेलोच न्हाय मी." मग माझ्याकडे वळून हात जोडले. "ह्यास्नी म्या कधी बघितलं बी न्हवतं. वळक ना पाळख. तरी माझ्यासाटनं एवढं क्येलं."

कधी बघितलं नव्हतं.

हॉलमध्ये टाळ्या सुरू झाल्या. जोतीराम उभा राहून वाजवत होता. आणि या वेळी तो हसत नव्हता, डोळे पुसत होता. मला ते जास्त लागलं.

मग गणपतराव म्हणाले, बोला. मी माईक धरला. भाषण पूर्ण पाठ होतं. म्हटलं, "बाईंचा कट फार चांगला आहे." आणि बसलो.

म्हणजे हिशेब असा होतो: पाच जानेवारीला घरी येऊन मी चहा घेतला, त्यानंतर फक्त झोपलो असतो तर फेब्रुवारीत तो बोळ रिकामा असता. काहीही न करता. आयतं.

घरी येताना दीक्षानं रिक्षात माझा हात धरला. चारचौघांत ती असं करत नाही. म्हणाली, माईक हातात असून सूड घेतला नाहीत, मी तुम्हाला उगाच खुनशी समजत होते. मी खिडकीबाहेर बघत बसलो. रिक्षाला खिडकी नसते, पण बघत बसलो.

बायडाबाईनं निघताना सांगितलंय, रविवारी बायकोला घेऊन या, पहिली प्लेट तुमची. दीक्षा हो म्हणाली. गोळ्या आणल्यात.