प्रुइटचा टॉवेल

मरे फोर्क, मिझुरी
१९ सप्टेंबर १९६८

प्रिय डेल्मर,

बावीस वर्षांनी माझं अक्षर पाहूनही पाकीट चुलीत टाकलं नाहीस, म्हणजे माझं नशीब अजून बरं आहे म्हणायचं. पत्ता तुझ्या बहिणीकडून घेतला. दिला तिनं, पण दाराची साखळी न काढता, फटीतून.

मी अजून त्याच पेपरात आहे, खेळाच्याच पानावर. पोट सुटलंय, केस गेलेत, जीभ तेवढी तशीच. 'जिंकला' हा साधा शब्द मी कधी छापला नाही, आठवतं ना? कोण जिंकलं ते गावाला आधीच ठाऊक असायचं. लोक शनिवारी पेपर उघडायचे ते व्हर्जिलनं आपल्या बातमीत या खेपेला कुणाचा भुसा काढला, कुणाला पराभवाचा कावळा खायला लावला, कुणाला शरण आणून 'काका' म्हणवून घेतलं, हे वाचायला. मी ते सगळं म्हाताऱ्यांकडून गोळा करायचो. शर्यतीतल्या एका जुन्या स्वारानं सांगितलं होतं, फार पुढं निघालेला गडी हात खाली टाकून लगाम सैल सोडतो, म्हणून सहज जिंकण्याला 'हात खाली टाकून' म्हणतात. बॉक्सिंगमध्ये हार मानताना गड्याच्या कोपऱ्यातून रिंगमध्ये टॉवेल फेकतात, पण पूर्वी स्पंज फेकायचे, हे एका बोळक्या बॉक्सरकडून कळलं.

गेल्या महिन्यात विद्यापीठाकडून मिस हॅडली नावाची मुलगी आली. गावोगावची बोली टिपून ही मंडळी मोठा कोश करताहेत. "मिस्टर स्टॅम्पर, तुमच्याकडे एखाद्याला बदडलं की काय काय म्हणतात?" झालं, माझी गाडी उताराला लागली. दोन तास मी बोलतोय, ती कार्डं भरतेय. मग तिनंच विचारलं, "आणि 'प्रुइटचा टॉवेल' म्हणजे?"

तुला वाटलं असेल, तू गाव सोडलंस तसा तुझ्या आडनावाचा तो शब्दही गेला असेल. नाही रे. पत्त्यांत हातात चांगली पानं असताना कुणी डाव सोडला की म्हणतात. शाळेचा कोच पोरांवर ओरडतो तेव्हा म्हणतो. प्रुइट नावाचा खरा माणूस होता, हे त्या पोरांना माहीतही नाही. मी मिसला अर्थ सांगितला: जिंकत असताना घाबरून माघार घेणं. कुठून आला म्हणाल, तर असे शब्द न्हाव्याच्या दुकानातूनच येतात. हेही मीच सांगितलं, निर्लज्जासारखं.

तिथून ती नदीपलीकडे एल्डर स्प्रिंगला गेली आणि तिसऱ्या दिवशी परत माझ्या टेबलापाशी हजर. तिथला न्हावी म्हणजे लॉनी बास्केटचा बाप. होय, तुझ्यासमोर लढला तोच लॉनी. हा शब्द काढताच म्हाताऱ्यानं वस्तरा खाली ठेवला म्हणे. "बाई, हे माझ्या दुकानात कुणी बोललं तर त्याला अर्ध्या दाढीनिशी बाहेर काढतो मी. त्या दिवशी पोराच्या कोपऱ्यात मीच होतो. टॉवेल माझ्या खांद्यावर होता. पोराचे पाय लटपटत होते आणि मी खेचरासारखा अडून बसलो. मी माझा फेकेना, म्हणून त्या प्रुइटनं स्वतःचा फेकला. माझ्या लॉनीला आज तीन मुली आहेत." हे सगळं वाचून दाखवून मिसनं विचारलं, "तुम्ही तर रिंगला लागूनच बसला होता. खरं काय?"

खरं काय ते मला तेव्हाही ठाऊक होतं. जत्रेतला शनिवार, गुरांच्या मांडवामागची रिंग, भर दुपार. पेपर पाचला छापायचा, म्हणून तुझ्या विजयाच्या तीस ओळी मी सकाळीच लिहून ठेवल्या होत्या. छपाईचे खिळेही जुळवून झाले होते. तसं झकास मी पुन्हा कधी लिहिलं नाही. आणि तू, जिंकत असलेला गडी, आपल्याच कोपऱ्यातला टॉवेल उचलून रिंगमध्ये टाकलास. संपादक म्हणाला, "व्हर्जिल, जागा रिकामी राहिलीय, वीस मिनिटांत भर." तुझ्यावर नाही, माझ्या तीस ओळी वाया गेल्या म्हणून मी चिडलो होतो. आणि लिहिलं, 'जिंकलेली लढाई पुसून टाकायची असेल, तर प्रुइटचा टॉवेल मागवा.' गाव आठवडाभर हसलं.

पण त्याआधी, पेपर छापायला जायच्या तोंडावर, पावणेपाचला तू छापखान्यात आलास. हातांच्या पट्ट्याही सोडल्या नव्हत्यास. "व्हर्ज, लॉनीला माझे येणारे हातही दिसत नव्हते रे. तेवढं लिही." मी म्हटलं, "लिहितो." छापायला जाणारा कागद त्या वेळी माझ्या कोपराखाली होता, आणि मी कोपर उचललं नाही. हे आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. तुझी आई त्यानंतर चर्चच्या जेवणाला यायची बंद झाली. ती गेली तेव्हा मृत्युलेखही मीच लिहिला. सगळ्या तारखा बरोबर होत्या, पण तिच्या मुलाबद्दल एक ओळ घालायची हिंमत झाली नाही. तिला हे कळायला हवं होतं, डेल्मर, आणि आता ते माझ्या हातात नाही.

मिस म्हणते, वापरातला शब्द कोशातून गाळता येत नाही. पण कार्डावर एक रकाना असतो: प्रथम कुणी वापरला. तिथं मी माझं नाव लिहिलंय आणि त्या दुपारी काय पाहिलं तेही. तेच आपल्या पेपरसाठी लिहिलं. त्यात कुणाला सोललं नाही, लोळवलं नाही, नुसतं घडलं तसं आहे. संपादक म्हणाला, "गाव फाडून खाईल तुला." खाऊ दे. तो मजकूर आणि ते कार्ड, दोन्ही या पाकिटात घातलंय. एखादा शब्द नको असेल तर खोड, सगळंच नको असेल तर फाडून टाक. एकदा तुझं ऐकून न ऐकल्यासारखं करून छापलं. या वेळी तू वाचून 'छाप' म्हणेपर्यंत एक ओळही छापू देणार नाही.

तुझाच, असं म्हणायचा हक्क उरला असेल तर,
व्हर्जिल